मतभेदाची खिडकी

हेमांगी रणनवरे यांनी आयुष्यातली पहिली मुद्दाम चूक केली ती एकसष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी संध्याकाळी, डाव्या हातात चहाचा कप असताना. तोवरचं आयुष्य बाईंनी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवलं होतं. पुण्यात सव्वीस वर्षं स्पॅनिश शिकवलं, आणि त्या काळात ज्यांनी ज्यांनी क्रियापदाचं रूप चुकवलं, त्यांच्या वह्यांवर बाईंच्या लाल शाईच्या खुणा आजही सापडतील. अशा बाईंनी पडद्यावरच्या बारा पर्यायांपैकी बरोबर कोणता ते एका नजरेत ओळखलं आणि त्याच्या खालचा दाबला.

वाक्य इंग्रजी होतं आणि साधं होतं. 'होल्ड द एलेव्हेटर.' म्हणजे लिफ्ट थांबवून धर, मी येतोय. बाईंनी निवडलेल्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ होता, लिफ्ट हातांवर तोलून धर.

पडद्यावर लाल रेघ आली, 'मतभेद' असं उमटलं आणि शेजारी एक छोटी खिडकी उघडली. दोन मिनिटांनी पलीकडच्या माणसाने स्पॅनिशमध्ये लिहिलं, "तुमच्याकडची माणसं बरीच ताकदवान दिसतात."

हेमांगीबाई मोठ्याने हसल्या. त्या घरात कोणी हसल्याला किती दिवस झाले असतील, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आता हे काम काय होतं आणि चुकलं की खिडकी का उघडायची, हे आधी सांगायला हवं.

कुडी सगळ्यांच्या कानात आली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. कंपनीने तिला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण कानाच्या पाळीवर बसणाऱ्या, पावट्याच्या दाण्याएवढ्या वस्तूला आपल्याकडची माणसं दुसरं काय म्हणणार? समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, कुडी ते तुमच्या भाषेत, त्याच्याच आवाजात कानात सांगायची. साताऱ्याचा द्राक्षवाला चिलीच्या व्यापाऱ्याशी थेट भांडू लागला. जगाचं भलंच झालं. फक्त स्पॅनिशचे वर्ग बंद पडले. बाईंच्या शेवटच्या वर्गात एकच मुलगी होती, सायमा मुजावर नावाची, आणि तीही फी भरलेली वाया जाऊ नये म्हणून येत होती.

कुडीला अर्थ कळत नसे. तिच्यामागचं यंत्र प्रत्येक शब्दाला, तो ज्या वाक्यात आला असेल त्यासकट, एका अवकाशात ठेवायचं. आपल्या खोलीला लांबी, रुंदी, उंची अशा तीन दिशा. त्या अवकाशाला काही हजार. सारख्या सोबतीत येणारे शब्द तिथे जवळजवळ पडतात. एकच अर्थ असलेला शब्द एका जागी गोळा होतो आणि यंत्राचं काम सोपं होतं. पण 'होल्ड'सारखा शब्द सगळीकडे सांडलेला असतो. मूल कडेवर धरणं, श्वास रोखणं, फोनवर थांबणं, सभा भरवणं, मनात राग धरणं, जहाजाच्या पोटातली माल ठेवायची जागा, रुग्णाची गोळी काही दिवस बंद ठेवणं, सगळं एकाच शब्दात. स्पॅनिशमध्ये यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. अर्थाच्या ऐन मध्यावर यंत्राला खात्री असते, पण दोन अर्थांच्या बांधावर एखादं वाक्य पडलं की ते अडतं, आणि तेवढ्यापुरतं माणसाला विचारतं.

एका माणसाला नाही, दोघांना. यालाच जोडतपासणी म्हणत. दोघं वेगवेगळ्या खंडांत, एकमेकांना अनोळखी. शंभरात एकदा चुकणारी दोन माणसं एकाच वेळी चुकण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि वर दोघांची चूकही तीच असण्याची शक्यता त्याहून कमी. म्हणून दोघांचं एकमत झालं की यंत्र ते सत्य मानून बांध तिथे पक्का करायचं आणि त्याच क्षणी जगातल्या सगळ्या कुड्या शहाण्या व्हायच्या. मतभेद झाला तर दहा मिनिटांसाठी खुलाशाची खिडकी उघडायची. दोघांनी आपापलं म्हणणं उदाहरणं देऊन मांडायचं, ज्याचं चुकलं त्याने माघार घ्यायची, आणि निकाल बरोबर लागायचा.

हिशोब पक्का होता. त्यात एकच गोष्ट गृहीत धरली होती, की दोघांनाही चुकायचं नाही.

बाई आईच्या आजारपणात पुणं सोडून साताऱ्याला आल्या होत्या. आई गेली, आणि शाहूपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाई आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा एवढे दोघंच उरले. लग्न केलं नव्हतं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलंही नव्हतं. भाऊ गावातच होता. वहिनी दर रविवारी न चुकता फोन करायची.

"वन्सं, जेवलात?"

"हो. तुम्ही?"

"आत्ताच. बरं, ठेवू मग?"

वहिनी वाईट नव्हती, कोणीच वाईट नव्हतं. पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ज्या एका गोष्टीवर बाई तासन्‌तास बोलू शकल्या असत्या ती गोष्ट आता पावट्याच्या दाण्यात मावत होती. एका सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी त्यांची ओळख करून देताना म्हणालं, "या आधी स्पॅनिशच्या बाई होत्या." आधी हा शब्द त्यांना फार लागला.

जोडतपासणीचं काम संध्याकाळी पाच ते आठ, आणि या जोडीच्या वाट्याला एकच शब्द होता, 'होल्ड'. बाईंच्या पडद्यावर पलीकडच्या माणसाचं नाव नव्हतं, 'त्रेपन्न' एवढंच होतं. त्याच्या पडद्यावर बाई 'अठ्ठावीस' होत्या. खिडकी पहिल्यांदा उघडली ती खऱ्याखुऱ्या मतभेदामुळे. त्याने इतक्या अदबीने आपलं म्हणणं मांडलं, इतकं चांगलं स्पॅनिश लिहिलं, की बाईंनी तो मजकूर तीनदा वाचला. मग सलग अकरा दिवस दोघांचं प्रत्येक वाक्यावर एकमत झालं. बाराव्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, बाईंनी लिफ्ट हातांवर तोलली.

त्यानंतर त्यांना सवयच लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. लिफ्टसारख्या ढोबळ चुका करून चालणार नव्हतं. अब्रूचा प्रश्न होता. चुकायचं तर शहाण्या माणसाला शोभेल असं. म्हणून बाई बरोबर उत्तराच्या अगदी शेजारचं, भल्याभल्याला फसवेल असं उत्तर शोधायच्या. खिडकी उघडली की बाजू लढवायच्या आणि नवव्या मिनिटाला मोठ्या मनाने हार मानायच्या. निकाल दर वेळी बरोबर लागायचा. मग यात कोणाचं काय बिघडलं, असं त्या स्वतःला विचारायच्या आणि उत्तरही आपल्या सोयीचं द्यायच्या.

पलीकडचा माणूसही चुकायचा. बाईंपेक्षा जास्तच चुकायचा. बिचाऱ्याचं इंग्रजी जरा कच्चं दिसतंय, असं बाईंच्या मनाने घेतलं, आणि त्या त्याला समजावून सांगू लागल्या. कित्येक वर्षांनी त्यांना कोणीतरी शिकवायला मिळालं होतं.

खिडकीत खासगी काही लिहायची परवानगी नव्हती. त्याने एकदा गावाचं नाव लिहिलं तर तिथे काळी पट्टी उमटली. पण उदाहरणं द्यायला बंदी नव्हती. त्याच्या उदाहरणांत नेहमी धुकं असायचं, त्यामुळे तो समुद्राकाठी राहत असावा. खालच्या मजल्यावर पाववाला होता आणि तो सकाळी पाव भाजायचा, म्हणजे इथली संध्याकाळ तिकडची सकाळ होती. एक लंगडा कुत्रा होता. एकदा धरण्याचा अर्थ समजावताना त्याने लिहिलं, "मी लिंबाची फांदी कापायचो तेव्हा माझी बायको ती खालून धरायची. पडू नये म्हणून नाही. मला कापताना सोपं जावं म्हणून." बायको ज्या ज्या उदाहरणांत आली ती सगळी भूतकाळातली होती. बाईंनीही मग आईचं उदाहरण दिलं. शेवटच्या दिवसांत आई पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायची आणि तरी बाईंना खालून हात लावावा लागायचा, असं लिहिलं. हे त्यांनी भावालासुद्धा सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर बाई पाच वाजायच्या आधी केस विंचरून, धुतलेली साडी नेसून बसू लागल्या. पलीकडच्याला यातलं काही दिसणार नव्हतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी बसायच्या.

एप्रिलात एकदा विपरीत घडलं. वाक्य एका दवाखान्यातलं होतं. डॉक्टर तपासेपर्यंत संध्याकाळची गोळी 'होल्ड' करा. म्हणजे घेऊ नका, बंद ठेवा. बरोबर उत्तर 'सुस्पेंदेर'. बाईंनी सवयीने शेजारचं फसवं उत्तर निवडलं, 'मान्तेनेर'. म्हणजे चालू ठेवा. आणि लाल रेघ येण्याऐवजी पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं, 'एकमत'.

एकमत झालं की खिडकी उघडत नाही. बोलायला, दुरुस्त करायला जागाच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तक्रारीचं बटण होतं. ते दाबलं असतं तर कार्यालयातून विचारणा झाली असती, की बाई, तुम्हाला चूक ठाऊक होती तर तुम्ही ती निवडलीतच का? बाईंचं बोट बटणाजवळ गेलं आणि परत आलं. तिकडे कदाचित असंच बोलत असतील, त्यांनी स्वतःला समजावलं. हजारो वाक्यांतलं एक वाक्य. पुढचं वाक्य आलं आणि त्यांनी ते बरोबर सोडवलं. नंतर आणखी सहा वेळा त्यांच्या चुकीवर असंच 'एकमत' उमटलं, पण ती वाक्यं गोळ्यांची नव्हती, म्हणून त्यांनी तीही सोडून दिली.

सायमा मुजावर आली ती जुलैच्या एका गुरुवारी सकाळी, पुण्याहून पहिल्या बसने. ती आता त्याच कंपनीत जोडतपासणीची निरीक्षक होती. बाईंना हे माहीत नव्हतं. दारात आपली जुनी विद्यार्थिनी बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की सायमाला बोलायची सुरुवात करणं जड गेलं. तिने आधी पोहे खाल्ले, चहा घेतला, अजिंक्यताऱ्याकडे बघून छान म्हणाली.

मग म्हणाली, "मॅडम, मी कामासाठी आलेय."

"ते मला तू दुसऱ्यांदा पोहे नको म्हणालीस तेव्हाच कळलं. बोल."

सायमाने खाली बघत सांगितलं. अमेरिकेतल्या एका शेतात द्राक्षं तोडणारी अठ्ठावन्न वर्षांची बाई, घरी स्पॅनिश बोलणारी. तिला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. ऑपरेशन ठरलं. नर्सने फोनवर सांगितलं, पाच दिवस आधीपासून गोळी होल्ड करा. बाईच्या कानातल्या कुडीने सांगितलं, गोळी चालूच ठेवा. तिने इमानेइतबारे घेतली. टेबलावर रक्त थांबेना.

"गेली?" बाईंनी विचारलं.

"नाही. वाचली. पण अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. अजून आधाराशिवाय उभी राहत नाही."

"नाव काय तिचं?"

"ते आपल्याला कळवत नाहीत, मॅडम."

बाई उठल्या आणि ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. एप्रिलातलं ते हिरवं अक्षर त्यांना स्पष्ट आठवत होतं. तक्रारीच्या बटणाचा कोपराही आठवत होता.

"आम्ही तुमच्या जोडीची सगळी नोंद काढली," सायमा म्हणाली. "इतर जोड्यांचे महिन्याला पाच-सहा मतभेद होतात. तुमचे नऊ महिन्यांत दोनशे अठ्ठ्याहत्तर. निकाल सगळे बरोबर, म्हणून कोणी बघितलंच नाही. उलट यंत्राला वाटलं हा शब्द फार अवघड आहे, आणि ते तुमच्याकडे आणखी वाक्यं पाठवत राहिलं."

"माझ्या चुका किती?"

"एकशे चौदा. त्यांच्या एकशे चौसष्ट." सायमाने पिशवीतून टॅबलेट काढून आकडा पुन्हा बघितला. "आणि सात वेळा दोघं एकदम. सातही वेळा तीच चूक. मॅडम, दोन कच्ची माणसं अशी चुकत नाहीत. ती दोन दिशांना चुकतात. चुकायचंच ठरवून, सगळ्यात जवळची चूक शोधून चुकलेली दोन हुशार माणसंच अशी एका जागी येतात."

एकशे चौसष्ट. त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्यांनी त्याला सोप्या भाषेत, उदाहरणं देऊन जे जे शिकवलं होतं ते सगळं त्याला आधीपासून येत होतं, आणि तरी तो रोज नव्या चुका करून शिकायला येत होता. धुक्यात, पावाच्या वासात, रिकाम्या घरात बसून तोही खिडकी उघडायची वाट बघत होता. बाईंना आनंद झाला, आणि त्या द्राक्षं तोडणाऱ्या बाईसमोर असा आनंद व्हावा याची इतकी लाज वाटली, की त्यांनी पदर तोंडाला लावला.

सायमाने पुढचं सांगितलं तेव्हा ती फक्त निरीक्षक होती. सध्या सगळ्या दवाखान्यांत कुडी या एका शब्दावर गप्प बसत होती आणि दुभाष्या बोलवा म्हणत होती. दुभाषे उरले होते कुठे? शब्दाची सगळी हद्द या दोघांच्या निर्णयांवर उभी होती, त्यामुळे त्यांनीच ती दुरुस्त केली तर यंत्र दोन तासांत ताळ्यावर येणार होतं. आज पाच वाजता चाळीस वाक्यं. चाळीसच्या चाळीस वाक्यांवर पहिल्या फटक्यात एकमत व्हायला हवं. झालं की शब्द पक्का, आणि जोडी त्याच क्षणी मोडली.

"आणि एकावर जरी मतभेद झाला तर?"

"तर खिडकी उघडेल, नेहमीसारखी. पण तुमची दुरुस्ती बाद. नवीन जोडी नेमून पहिल्यापासून सुरुवात. वीस दिवस लागतील."

"त्याला हे सगळं माहीत आहे?"

"त्यांच्या भागातला निरीक्षक काल त्यांच्याकडे गेला होता. ते काय म्हणाले ते मलाही अजून कळवलेलं नाही. नियम आहे." मग सायमा परत विद्यार्थिनी झाली. "मॅडम, मला माफ करा हं."

"तू कशाला माफी मागतेस? वह्या तपासायला मीच शिकवलं तुला."

पाच वाजता बाई पडद्यासमोर बसल्या. केस विंचरलेले होते. सायमा मागे खुर्चीवर होती.

वाक्यं भराभर आली. शिडी धर. श्वास रोख. फोन ठेवू नका, थांबा. सामान जहाजाच्या पोटात आहे. गोळी बंद ठेवा. तीच गोळी, आठ वेगवेगळ्या वाक्यांत, आठ वेगवेगळ्या तोंडी. बाई प्रत्येक वेळी 'सुस्पेंदेर' निवडत होत्या आणि प्रत्येक वेळी क्षणभराने हिरवं अक्षर येत होतं. त्यांना माहीत होतं, प्रत्येक वाक्याला त्याला कुठली फसवी जागा दिसत असेल. त्यांनाही तीच दिसत होती. दोघं एकाच खड्ड्याशेजारून एकेक पाऊल टाकत चालले होते. एकोणचाळीस झाली.

चाळिसावं वाक्य कुठल्या दवाखान्यातलं नव्हतं. कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, ती झोपेपर्यंत तिला होल्ड कर. मिठीत घे. 'आब्रासार'. शेजारी फसवं उत्तर होतंच, 'रेतेनेर', म्हणजे अडवून ठेव, जाऊ देऊ नकोस.

बाईंचा हात थांबला. हे चुकलं तर कोणाचं रक्त सांडणार नव्हतं. खिडकी उघडली असती. दहा मिनिटं मिळाली असती, आणि या दहा मिनिटांत उदाहरणं द्यायची गरज नव्हती. पट्ट्या उमटल्या तर उमटल्या, धुक्यातल्या त्या माणसाला एकदा सरळ सांगता आलं असतं, की मला सगळं कळलं. वीस दिवस कुड्या गप्प राहिल्या असत्या, एवढंच. वीस दिवसांत किती दवाखाने, किती फोन, याचा हिशोब त्या करू लागल्या आणि मध्येच थांबल्या. एप्रिलातही त्यांनी 'हजारो वाक्यांतलं एक वाक्य' असंच म्हटलं होतं.

आणि समजा त्यालाही आत्ता हेच वाटलं, तर दोघं पुन्हा त्याच चुकीवर भेटतील आणि खिडकीही उघडणार नाही. दोघांतल्या एकाने तरी खरं बोलल्याशिवाय भेट होत नाही, अशी ती व्यवस्था होती.

बाईंनी 'आब्रासार' दाबलं. पडद्यावरच्या घड्याळाने सांगितलं, तीन मिनिटं वीस सेकंद घेतली.

पलीकडून उत्तर आलं नाही. त्रेपन्नला एका वाक्याला पाच सेकंद पुरायची. एक मिनिट गेलं. दोन गेली. सायमा खुर्चीतून उठून उभी राहिली. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तो काय करत होता हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः नुकतंच तेच केलं होतं. तिसरं मिनिटही गेलं. आपल्याला कुठलं अक्षर हवंय, हिरवं की लाल, हे त्यांना अगदी शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

चौथ्या मिनिटाला हिरवं अक्षर आलं.

चाळीसपैकी चाळीस. शब्द पक्का झाला, पडदा पांढरा झाला, 'त्रेपन्न' हा आकडा कोपऱ्यातून निघून गेला. हेमांगीबाई रडल्या. सायमा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खाली कोणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या करून गप्प झाला.

"एक काम राहिलंय, मॅडम," शेवटी सायमा म्हणाली. "जबाब. दोघांचे वेगवेगळे घ्यायचे आणि मग यंत्रात टाकून जुळवायचे. चुका जाणूनबुजून झाल्या की नकळत. आधी तुमच्या चुकांचं लिहा, मग त्यांच्या."

"जाणूनबुजून लिहिलं तर?"

"परत कधी तपासणीचं काम मिळणार नाही. कुठल्याच कंपनीत."

"मिळायला नकोच." बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि आपल्या सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहिल्या. माझ्या सगळ्या चुका मी जाणूनबुजून केल्या. समोरच्या व्यक्तीच्या चुका प्रामाणिक होत्या; त्यांचं इंग्रजी जरा कच्चं आहे.

सायमाने वाचलं. "मॅडम, हे दुसरं खोटं आहे."

"माझी वही आहे. तू फक्त जमा कर."

सायमाने कागद टॅबलेटसमोर धरला. कालपासून मोहोरबंद असलेला पलीकडचा जबाब उघडला. तिने तो वाचला, मग पुन्हा वाचला, आणि हसावं की काय करावं असा तिचा चेहरा झाला.

"काय लिहिलंय त्याने?"

"लिहिलंय, माझ्या सगळ्या चुका मी जाणूनबुजून केल्या. समोरच्या व्यक्तीच्या चुका प्रामाणिक होत्या."

"अगं, म्हणजे हेसुद्धा जुळलं की."

"नाही ना मॅडम. तुम्ही म्हणता तुमच्या जाणूनबुजून, ते म्हणतात तुमच्या प्रामाणिक. त्यांचंही तसंच उलटं. दोन्ही जबाब एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आणि जबाबांनाही तोच नियम लागू आहे, नियम करणाऱ्यांच्या डोक्यात असलं काही आलंच नसणार." तिने बाईंच्या पडद्याकडे बोट दाखवलं. पांढऱ्या पडद्यावर लाल रेघ आली होती. 'मतभेद' असं उमटलं होतं, आणि शेजारी खिडकी उघडली होती.

सायमा पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेली.

मग हेमांगीबाईंनी लिहिलं, "तुमचा जबाब चुकीचा आहे. माघार घ्या."

पलीकडून पाच सेकंदांत उत्तर आलं, "चुकीचा तुमचा आहे. माझ्याकडे एकशे चौसष्ट पुरावे आहेत."

"त्यातला एकही पटण्यासारखा नाही. उदाहरण द्या."

त्याने उदाहरण दिलं. बाईंनी ते खोडून काढलं आणि स्वतःचं दिलं. ते त्याने खोडून काढलं. दोघांपैकी एकाने माघार घेतली की खिडकी तिथेच बंद होणार होती, हे दोघांनाही माहीत होतं, आणि दहाही मिनिटं संपेपर्यंत कोणीही माघार घेतली नाही.